युक्लिडची चिता

"तुम्ही लोक मेलेल्या माणसाला खरंच जाळता?" जेड व्हिटकमनं मला विचारलं.

तो बेसबॉलच्या मैदानावरून थेट आला होता. गुडघ्यांना माती, काखेत दांडू, आणि चेहऱ्यावर सामना जिंकल्याचा तजेला. मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून त्रिकोणमितीशी झगडत होतो.

"जाळतो," मी म्हटलं.

"आणि मंत्र म्हणणारा ब्राह्मणच असतो?"

"ब्राह्मणच."

"तूही ब्राह्मण आहेस."

"आहे."

"मग झालं तर!" असं म्हणून त्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की पेन्सिल पायऱ्यांवरून खाली गेली.

ओहायोतल्या आमच्या वॉरबर्टन कॉलेजात एक चाल होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची भूमिती संपली की जूनच्या पहिल्या आठवड्यात ती युक्लिडचा, म्हणजे त्या जुन्या भूमितिकाराच्या पुस्तकाचा, अंत्यविधी करत. पुस्तकाला माणसाएवढी शवपेटी, पुढं बँड, मागं बायकांचे झगे घालून ऊर बडवणारी मुलं, आणि एक खोटा पाद्री. बेसबॉलच्या मैदानावर लाकडं रचून सगळं जाळायचं. गाव बघायला लोटे. त्या वर्षीचा पुढारी जेड होता. तोच संघाचा चेंडूफेक्या, आणि 'वॉरबर्टन बीकन' या कॉलेजच्या साप्ताहिकात गावगप्पांचं सदरही तोच लिही. थोडक्यात, गावचा पाटील म्हणा ना.

"खोटा पाद्री दर वर्षी असतो," तो म्हणाला. "यंदा खरा पुजारी हवा. हिंदू मंत्र, हिंदू वेष."

"ते मंत्र असे म्हणत नाहीत," मी म्हटलं.

"कसे म्हणतात?"

"कुणी मेल्याशिवाय म्हणत नाहीत."

"युक्लिड मेला की! दोन हजार वर्षं झाली." मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, शुक्रवारी आर्केडियन सोसायटीपुढं तुझं नाव पुन्हा येतंय. मंगळवारी मुलांनी तुला मैदानावर पाहिलं, तर पेटीत काळा मणी एकही पडणार नाही. माझा शब्द."

आर्केडियन ही वादविवादाची सोसायटी. नवा सभासद घेताना पेटी फिरे. पांढरा मणी टाकला तर होकार, काळा टाकला तर नकार, आणि दोन काळे पडले की नाव बाद. थंडीत माझ्या नावाला तीन पडले होते. मी बुजरा, बोलताना अडखळणारा. मला कोण घेणार? पण त्या दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर बसायची मला भूक होती. मी हो म्हटलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तिथं कुणालाच सांगितली नव्हती. आमचं घर कोकणातल्या किरवंतांचं. म्हणजे ब्राह्मणच, वेद तोच, जानवं तेच. पण आम्ही मर्तिकाचे विधी सांगणारे. म्हणून लग्नामुंजीला आम्हाला बोलावणं नाही, इतर ब्राह्मणांच्या पंक्तीला पान नाही, आमच्या घरात कुणी मुलगी देणार नाही. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला वाटेत माझे बाबा दिसले, तर तो परत घरी जाई आणि गूळ तोंडात टाकून पुन्हा निघे. त्याच माणसाच्या घरी कुणी गेलं की मात्र तोच अनवाणी धावत आमच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, उभा. मी आठव्या वर्षापासून बाबांच्या मागं स्मशानात जात होतो. तेराव्या वर्षी त्यांना ताप भरला, तेव्हा एक अख्खं मर्तिक मी एकट्यानं सांगितलं होतं.

पुढं रत्नागिरीच्या शाळेत पहिला आलो, मुंबईच्या एका मंडळानं बोटीचं भाडं दिलं, आणि अर्जावर मी आडनावाच्या जागी गावाचं नाव लावून टाकलं. विश्वनाथ कोंडविलकर. समुद्र ओलांडला तो शिकायला, हे खरंच. पण आपण कुठले हे कुणाला कळणार नाही अशा जागी जायला ओलांडला, हे त्याहून खरं.

आता नशीब बघा. वॉरबर्टनमध्ये आणखी एकच मराठी माणूस होता, आणि तो निघाला पुण्याच्या सदाशिव पेठेतला मेहेंदळे. चिंतामणराव माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, शेवटच्या वर्षाला. मी त्यांना चिंतोपंत म्हणे, ते मला विसू. उंच, भरघोस मिशीचे, आणि व्यासपीठावर उभे राहिले की आर्केडियनचा दिवाणखाना चिडीचूप. ते पक्के सुधारक. 'ज्या देशात माणूस माणसाच्या हातचं पाणी पीत नाही, तो देश तहानेनं मरेल,' हे त्यांचं वाक्य गावातल्या बायकांनाही पाठ होतं.

बोर्डिंगात शेंगांच्या भाजीतसुद्धा डुकराची चरबी असे. म्हणून एका खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही एकत्र राहत होतो आणि एक दिवसाआड स्वयंपाक करत होतो. वाटाण्याची डाळ, भात, आणि पुण्याहून आलेला हिंग. 'कोकणातल्या भिक्षुकाचा मुलगा' एवढीच माझी माहिती मी त्यांना दिली होती. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन वर्षं त्यांच्या पंक्तीला बसून मी रोज थोडा थोडा खवखवत होतो.

मंगळवारसाठी मी तोड काढली होती. मंत्र म्हणायचेच नाहीत. सुरात शब्द चालवायचे. रामः रामौ रामाः. ओहायोत कुणाला काय कळणार? चिंतोपंतांना कळेल, पण ते पोट धरून हसतील.

मंगळवारी संध्याकाळी ऊन एल्मच्या झाडांमागं गेलं आणि मिरवणूक मैदानात शिरली. मी धोतर नेसून उघड्या अंगानं बँडच्या मागं चाललो होतो आणि शाळेतली पोरं माझ्याकडं बोटं दाखवत होती. झगेवाले गळा काढून रडत होते. कुंपणाच्या फळ्या रचून केलेल्या ढिगापुढं मी उभा राहिलो आणि गंभीर आवाजात राम चालवायला घेतला. हशा पिकला. दोनदा चालवला, पुन्हा हशा. जेड डोळे मिचकावत होता. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

मग चौघांनी पेटी खांद्यावरून उतरवली आणि ढिगावर आडवी ठेवली.

"अशी नाही," माझ्या तोंडून गेलं. "फिरवा. डोकं दक्षिणेला."

पुस्तकाला कसलं डोकं! पण मुलांनी फिरवली. आणि माझा हात आपण होऊन वर गेला, जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर आलं, आणि राम कुठल्या कुठं गेला. पहिला मंत्र बाबांच्या चालीत बाहेर पडला. तो पडल्यावर दुसरा थांबत नाही. बारा वर्षं ज्या वाटेनं रोज गेलो, त्या वाटेनं पाय डोळे मिटूनही जातात, तसं झालं. सरबताच्या मेजावरची मातीची सुरई मी मागून घेतली. ती जेडच्या खांद्यावर दिली, त्याला ढिगाभोवती उलट्या अंगानं फिरवलं, दर फेरीला दगडानं सुरईला भोक पाडलं, आणि तिसऱ्या फेरीला त्याला ती मागं न बघता टाकायला लावली. ती फुटली तेव्हा मैदानावर दुसरा आवाज नव्हता. झगेवाले रडायचे थांबले होते. कुणीतरी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या. पुढं बसलेली एक म्हातारी खरीखुरी रडत होती.

जेडनं पेटीला आग लावली. मी मान वर केली, तेव्हा चिंतोपंत मैदानाच्या कडेला उभे दिसले. ते हसत नव्हते. ते आगीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडेही नाही. माझ्या उजव्या खांद्यावरच्या जानव्याकडे बघत होते.

त्या हजारभर माणसांत ज्याला कळायला नको, असा एकच माणूस होता, आणि त्याला कळलं होतं. साध्या ब्राह्मणाला हे मंत्र पाठ नसतात. असले तरी तो ते अभद्र म्हणून उगाच उच्चारत नाही.

घरी आलो तर चिंतोपंतांनी पाणी तापवून ठेवलेलं. "आंघोळ करून घे," ते म्हणाले.

पानावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं शिकलास?"

"वडिलांकडून. थोडंफार."

"थोडंफार नव्हतं ते. एक अक्षर चुकलं नाही." मग त्यांनी मला भात वाढला. मी तो भात पानात तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी चारच्या सुमाराला वर्गातून परतलो. चिंतोपंत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

"विसू," ते म्हणाले, "आजपासून तू तुझं वेगळं शिजव. माझं मी करून घेईन. माझ्या भांड्याला हात लावू नकोस. अंथरूण मी मागच्या खोलीत नेलंय."

"काय झालं?"

"विचारू नकोस. सांगण्यासारखं नाही."

त्यांचा आवाज बसलेला होता. मला तो किळस आल्यासारखा वाटला. मी माझा भात वेगळा टाकला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या शेगडीवर दोन पातेली चढली.

शुक्रवारी आर्केडियनमध्ये पेटी फिरली. सगळे पांढरे. जेडनं मला खांद्यावर उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. "पण मेहेंदळे कुठाय?" त्यानं विचारलं. "तुझ्यासाठी मणी टाकायला तरी यायचं त्यानं!" काय सांगणार? काळा टाकायला लाज वाटते आणि पांढरा टाकवत नाही, म्हणून आले नसतील, असं मी मनाशी म्हटलं. ज्या खुर्चीसाठी जीव टाकला होता, तिच्यात बसून मला गोड काही लागलं नाही.

रविवारी मी मनाचा हिय्या केला. ते जिन्याजवळ हात धुत होते. मी तांब्या घेऊन पाणी घालायला पुढं झालो. ते झटकन मागं सरले.

"लांब. शिवू नकोस मला."

हा शब्द मी विहिरीवर ऐकला होता, देवळाच्या दारात ऐकला होता, शाळेत पाटीपुस्तक ठेवताना ऐकला होता. तिथं मी तो गिळला, कारण तिथं सगळेच म्हणत. पण सात समुद्र ओलांडून यावं, आणि जो माणूस त्या शब्दाविरुद्ध बोलून टाळ्या घेतो त्याच्याच तोंडून तो ऐकावा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर मी एकच विचार केला: ह्याचं खरं रूप ह्याच्या श्रोत्यांना दाखवायचं.

सोमवारी मी जेडला गाठलं.

"तुझ्या सदराला एक बातमी आहे," मी म्हटलं. "माझं नाव नको."

त्यानं पेन्सिल काढली. मी सांगितलं: भांडं वेगळं, अंथरूण वेगळं, हात लागू देत नाहीत.

"का पण?"

"जात," मी म्हटलं. "आमच्यात पोटजाती असतात. त्यांची वरची."

"मेहेंदळे?" जेडचा विश्वास बसेना. "मागच्या महिन्यात भाषणानं त्यानं माझ्या आईला रडवलं!" पण बातमी ती बातमी. गुरुवारी 'बीकन'मध्ये ती अशी आली: 'मानवाच्या बंधुत्वावर बोलून आपल्याला तीनदा रडवणाऱ्या आमच्या पौर्वात्य वक्त्यांनी आपल्या एकुलत्या देशबांधवापासून भांडं वेगळं मांडलं आहे, असं कळतं. बंधुत्व बहुधा जेवणाच्या वेळी सुट्टीवर जात असावं.'

कॉलेजभर हशा झाला. मी दोनदा वाचली. पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सोसायटीची वर्षातली शेवटची सभा होती. पदवीदानाच्या आठवड्यात आर्केडियनचा एक वक्ता कॉलेजातल्या दुसऱ्या वादविवाद-सोसायटीच्या वक्त्याविरुद्ध उभा राही. सगळा प्रांत ते ऐकायला येई. यंदा चिंतोपंतांशिवाय दुसरं नाव नव्हतं. वर्षभर ते त्या भाषणाची तयारी करत होते. जुलैत ते मायदेशी परतणार होते, म्हणजे ही त्यांची पहिली आणि शेवटची संधी.

सभा सुरू झाली तरी ते आले नव्हते. मागं कुजबुज चालली होती. मग दार उघडलं आणि चिंतोपंत आत आले. नेहमीचा काळा कोट, हातात कागदांची गुंडाळी.

मिशी नव्हती.

दिवाणखान्यात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. अमेरिकन माणूस आज मिशी ठेवतो, उद्या काढतो. पण मला कळलं. आमच्यात मिशी एकाच कारणानं उतरते. बाप किंवा आई गेली तर. चिंतोपंतांची आई कधीच गेली होती; उरले होते फक्त वडील, तात्या.

मी बोटं मोजली. बुधवार ते शुक्रवार, दहा. परदेशी असलेल्या मुलाला बाप गेल्याची बातमी महिन्यानं कळो की दोन महिन्यांनी, कळल्या दिवसापासून दहा दिवस सुतक. दहा दिवस जेवण वेगळं, भांडं वेगळं, जमिनीवर अंथरूण. कुणाला शिवायचं नाही. हे मला कुणी सांगायला हवं होतं? लोकांच्या सुतकांवर आमच्या घरची चूल पेटत होती! गावातली शेंबडी पोरंही जे ओळखतात, ते किरवंताच्या मुलाला ओळखता आलं नाही. कारण दहा दिवस मला माझ्या जातीपलीकडे काही दिसलंच नव्हतं. वेगळं भांडं दिसलं, ते मी माझ्याच नावावर घातलं.

अध्यक्षांनी हातोडी आपटली. "मिस्टर मेहेंदळे, मतदानाआधी एक प्रश्न विचारणं भाग आहे. 'बीकन'मधली बातमी खरी आहे का?"

"भांडं वेगळं होतं, हे खरं," चिंतोपंत म्हणाले.

"जातीमुळे?"

"नाही."

"मग कशामुळे?"

चिंतोपंतांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मागणंही नव्हतं त्यात. नुसतं पाहिलं. मला उठायचं होतं. 'मी दिली ती बातमी, आणि ती खोटी आहे, ह्यांचे वडील गेलेत,' एवढी तीन वाक्यं. पण तीन वाक्यांनंतर चौथा प्रश्न येणार, मग पाचवा. मी खुर्चीतच बसून राहिलो. आज पस्तीस वर्षांनी लिहितानाही हे वाक्य मी दोनदा खोडलं.

"ते मला सांगता येणार नाही," चिंतोपंत म्हणाले.

मतं पडली. केंटकीहून आलेला एक मुलगा वक्ता म्हणून निवडला गेला. चिंतोपंतांनी सभेला नमस्कार केला, कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि निघून गेले.

मी खोलीवर पोचलो तेव्हा ते जमिनीवरची कांबळी घडी करत होते. मी दारातच उभा राहिलो.

"तात्या गेले?"

"पंचवीस एप्रिलला." त्यांनी घडी नीट केली. "पत्र त्या बुधवारी आलं. तुमच्या तमाशाच्या दुसऱ्या दिवशी."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी बूट काढून आत आलो.

"पुढं झाला असतास," ते म्हणाले. "व्हावंच लागलं असतं तुला. आदल्याच दिवशी ऐकलं होतं ना मी. राम सोडून तू पहिला मंत्र घेतलास, तेव्हाच कळलं तू कुठला ते. अरे, किरवंताचा पोरगा एवढा समुद्र ओलांडून पळून येतो, तो काय इथं परत मर्तिक सांगायला? म्हटलं, आपलं मर्तिक ह्याच्या गळ्यात घालायचं नाही."

मी भिंत धरून खाली बसलो. म्हणालो, "तुम्ही तर सुतक मानत नाही. भाषणात म्हणता."

"भाषणात पुष्कळ म्हणतो रे. बाप गेल्यावर भाषण आठवत नाही."

"चिंतोपंत, ती बातमी मी दिली."

"ठाऊक आहे. दोन पातेली आहेत हे तिसऱ्या कुणाला ठाऊक होतं?"

"मग सभेत सांगायचं होतंत! वडील गेलेत म्हणून!"

"आणि त्यांनी विचारलं असतं, तुझा सोबती एवढा मोठा पुजारी, त्यानं का नाही विधी केला? मग तुला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागलं असतं." त्यांनी कांबळी कोपऱ्यात ठेवली. "खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं होतं तू उठशील म्हणून. नाही उठलास. असो."

त्या 'असो'नं मला जे लागलं, ते शिव्यांनी लागलं नसतं. मी रडलो. त्यांनी रडू दिलं.

"दहावा केलात?" मी शेवटी विचारलं.

"सकाळी ओढ्यावर. आठवेल तेवढं म्हटलं. मिशी काढली, पिंड ठेवला. इथले कावळे केवढे थोरले आहेत बघ, पण एक जवळ येईना. दोन तास बसलो. शेवटी वर्गाची घंटा झाली, तेव्हा भात पाण्यात सोडून दिला." त्यांनी मिशीच्या जागी हात फिरवला. "पुण्याला धाकट्यानं सगळं नीट केलंच असेल. पण थोरला मी."

मी डोळे पुसले. "उद्या अकरावा," मी म्हटलं. "उजाडलं की निघू. तीळ आहेत?"

"संक्रांतीचे मूठभर उरलेत. पण विसू, तू—"

"दर्भ मिळायचा नाही. ओढ्याकाठचं लव्हाळं घेऊ. आमचे बाबा म्हणतात, गवत कुठलंही चालतं, सांगणारा तेवढा पाहिजे."

बातमीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण त्यात माझा मोठेपणा काही नाही. 'बीकन'चा त्या वर्षीचा शेवटचा अंक निघून गेला होता. माझी दुरुस्ती सप्टेंबरात छापली गेली, माझ्या सहीनं. आमचं घर कुठलं, मी काय लपवलं, आणि कुणाला लांच्छन लावलं, हे सगळं तिच्यात होतं. जेडनं माझा हात हातात घेऊन सांगितलं की मेलेल्याला वाट दाखवणाऱ्या घराण्यात जन्म घेणं ही केवढी मानाची गोष्ट! त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. ज्याला कळलं असतं, तो तेव्हा पुण्यात होता.

शनिवारी सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी गार होतं. मी लव्हाळ्याची पवित्रकं वळली, एक त्यांच्या बोटात घातलं, एक माझ्या. लाकडाच्या फळकुटावर भात, तीळ, पाणी मांडलं. मला भीती होती की मैदानावर जे तोंड एवढं धावलं, ते इथं अडेल. अडलं नाही, पण धावलंही नाही. मी एकेक शब्द सावकाश सांगितला आणि चिंतोपंतांनी तो मागून म्हटला. वडिलांचं नाव उच्चारायची वेळ आली, तेव्हा ते थांबले. मी वाट पाहिली. बाबा अशा वेळी नेहमी वाट पाहत, हे मला तेव्हा आठवलं. घाई करत नसत, दुसरीकडे बघत. मला लहानपणी वाटे, त्यांना ह्या रडण्याचं काही वाटत नाही.

सगळं व्हायला ऊन चांगलं वर आलं. पिंड पाण्यात सोडले. मी म्हटलं, "झालं. आता मागं न बघता घरी चला."

चिंतोपंत उठले नाहीत. ते तसेच वळले आणि ओल्या वाळूवर माझ्या पायांपाशी वाकले.

मी एकदम दोन पावलं मागं सरलो. विधी संपला की किरवंतानं मागं सरायचं असतं. दक्षिणा लांबून दगडावर ठेवतात, आणि लोक निघून गेल्यावर ती उचलायची असते. माझ्या बाबांच्या पायांना परक्या माणसाचा हात लागलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"मागं सरू नका," चिंतोपंत म्हणाले. मला त्यांनी त्याआधी कधी अहोजाहो केलं नव्हतं. "माझ्या वडिलांना पोचवलंत. नमस्कार घ्यावा लागतो."

ते वाकलेलेच राहिले. मी परत दोन पावलं पुढं आलो, आणि घेतला.